घरातल्या नेटवर्कला वेग किती हवा?

चित्रपट, फोटो आणि गाणी एका जागी ठेवायला घरी नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली, डिस्क असलेली साठवणपेटी) घ्यायचं ठरलं, की लगेच प्रश्न येतो: नेटवर्क एक गिगाबिटचं पुरेल, की अडीच किंवा दहाचं घ्यावं? इथे दोन कामांची हमखास गल्लत होते. साठवलेला चित्रपट पाहणं हे एक काम, आणि तीच फाइल उचलून दुसरीकडे कॉपी करणं हे दुसरं. पाहायला फारच थोडा वेग लागतो. कॉपीला मात्र कितीही वेग दिला तरी तो कमीच वाटतो.

आधी एककाचं बघू. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट. माहितीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ता आणि तपासणीचे आकडेही जातात. ते वजा करून प्रत्यक्षात ११० ते ११८ मेगाबाइट मिळतात. शिवाय नॅसवरून टीव्हीकडे जाणारा चित्रपट इंटरनेटवर जातच नाही, घरातल्या घरातच फिरतो. त्यासाठी इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन काहीच साधत नाही.

आता पाहण्याचं काम. डीव्हीडीला सेकंदाला जेमतेम १० मेगाबिट लागतात, ब्लू-रेचं चित्र जास्तीत जास्त ४० पर्यंत जातं. इंटरनेटवरून येणारं ४के चित्र साधारण १५ ते २५ मध्ये भागतं. खरी भारी फाइल असते ती ४के डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली. तिची सरासरी साठ-सत्तरच्या घरात असली, तरी काही प्रसंगांत ती शंभराच्या वर उसळते.

ही उसळी येते कुठून? व्हिडिओ आक्रसताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, बहुतेक तेवढंच साठवतात. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असली, तर मागची भिंत सेकंदानुसेकंद तीच असते. पण मुसळधार पाऊस, फेसाळता समुद्र किंवा जुन्या फिल्मचे दाणे दिसायला लागले, की कणन् कण दर फ्रेमला नवा! मागचं काही वापरता येत नाही आणि बिटचा खर्च एकदम वाढतो.

नेमकं इथेच बऱ्याच टीव्हींचं पितळ उघडं पडतं. चांगल्या महागड्या टीव्हींनाही अनेकदा लॅनचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायची जागा, १०० मेगाबिटचाच असतो. बफरमध्ये, म्हणजे टीव्हीने आधीच ओढून ठेवलेल्या साठ्यात, असलेलं संपेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, आणि ऐन पावसाच्या प्रसंगात चित्र थबकतं. मग लोक स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारा डबा) बदलतात, नॅस बदलतात, पण अडचण टीव्हीच्या पाठीमागेच असते. अशा टीव्हीला चांगलं वाय-फाय केबलपेक्षा सरस ठरू शकतं. नाहीतर गिगाबिट पोर्टवाला वेगळा प्लेयर जोडावा.

वाय-फायचं एक गणित विसरू नये. खोक्यावरचा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी चांगलं म्हणायचं. हवा सगळ्यांना सामाईक असते. नॅसही वाय-फायवर आणि टीव्हीही वाय-फायवर असला, तर एकच पाकीट हवेतून दोनदा जातं: नॅसकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. निदान नॅस तरी केबलनेच जोडावा.

आता कॉपी. ६० गिगाबाइटची फाइल १०० मेगाबिटवर जवळजवळ दीड तास घेते, गिगाबिटवर साडेआठ-नऊ मिनिटं. अडीच गिगाबिटवर तीन-साडेतीन मिनिटं लागायला हवीत, पण लागतात पाच. कारण साधी हार्ड डिस्क सेकंदाला दोनशेच्या आसपासच मेगाबाइट देते. त्याच डिस्कला दहा गिगाबिट लावलं, तरी पाच मिनिटं ती पाचच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक-दोन हार्ड डिस्कचा नॅस असेल तर अडीचच्या पुढे जाऊ नये. दहा गिगाबिट शोभतं ते वेगवान एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असलेल्यांना किंवा नॅसवरच्या फाइली थेट एडिट करणाऱ्यांना. हजारो बारीक फोटो कॉपी करायचे असतील, तर तिथेही वेग कोसळतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो.

वेग अचानक ११-१२ मेगाबाइटवर अडकला, तर आधी केबल तपासावी. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. नको तिथली एक तार तुटली, की जोडणी बंद न पडता गुपचूप शंभरवर उतरू शकते, आणि लाइट मात्र लुकलुकतच राहतो.

अडीच गिगाबिटसाठी नवी केबल लागतेच असं नाही. २०१६ सालचं ते मानक जुन्या कॅट ५ई दर्जाच्या केबलवर चालावं म्हणूनच आखलं होतं. नव्याने भिंतीत टाकायची असेल, तर मात्र कॅट ६ए घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेते. स्विच केव्हाही बदलता येतो, त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही.