जिओलोकेटर म्हणजे उपग्रह टॅग नव्हे

मायणी-येरळवाडीच्या पाणवठ्यांवर पट्टकादंब पाहायला जाणाऱ्या सातारकर पक्षिनिरीक्षकांना पक्ष्याच्या पायातील ओळख क्रमांकाची कडी काय असते हे सांगायला नको. घोळ होतो तो त्यापुढच्या उपकरणांचा. समुद्रपक्ष्याला किंवा देवमाशाला काहीही लावले, तरी बातमीत सरसकट ‘चिप बसवली’ असे छापून येते आणि ‘मग तो आत्ता कुठे आहे?’ ही विचारणा ठरलेलीच.

त्या प्रश्नाला उत्तर असते ते फक्त उपग्रह टॅगच्या, म्हणजे उपग्रहाला संदेश पाठवत राहणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत. ओमानच्या किनाऱ्यावर २०१७ मध्ये टॅग लावलेली लुबान ही हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकाकडे आली, हे तिचा प्रवास चालू असतानाच कळत होते. खाऱ्या पाण्यातून संदेश जात नाही. प्राणी श्वासासाठी वर आला तरच ठावठिकाणा मिळतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जिओलोकेटर कोणालाही काहीही कळवत नाही. तो केवळ उजेड आणि वेळ टिपून ठेवतो. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश आणि माध्यान्हीच्या वेळेवरून रेखांश नंतर काढावे लागतात. साताऱ्याची माध्यान्ह नागपूरपेक्षा सुमारे २० मिनिटे उशिरा होते, तोच हा हिशेब. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास सर्वत्र दिवस सारखाच असल्याने अक्षांश निघतच नाही, आणि एरवीही शंभर-दोनशे किलोमीटरची चूक गृहीत धरावी लागते. अशा नकाशावरील रेषेवर बोट ठेवून ‘पक्षी नेमका इथून गेला’ असे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तोच पक्षी पुन्हा घरट्यावर येऊन पकडला गेला, तरच त्या नोंदी हाती लागतात. आर्क्टिक सुरय हा समुद्रपक्षी वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर उडतो, हा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा परत मिळालेल्या ११ उपकरणांवरून काढलेला आहे; वाटेत मेलेल्या पक्ष्यांचा मार्ग त्यात येणे शक्यच नव्हते. तरीही जेमतेम शंभर ग्रॅमच्या पक्ष्यासाठी १.४ ग्रॅमचे हे उपकरण मला जड टॅगपेक्षा केव्हाही योग्य वाटते. नोंदी साठवणारे उपकरण ठरल्या किनाऱ्यावर परतणाऱ्या हत्ती-सीललाही चालते. पण देवमाशाला जिओलोकेटर लावल्याची बातमी वाचलीत, तर तो परत काढायला कोण जाणार, हे बातमीदाराला जरूर विचारा.