देवपूर (धुळे)

देवपूर : धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील भाग. हे मूळचे नदीकाठचे शेतकरी गाव. पुढे ते धुळ्याचे उपनगर झाले आणि आज धुळे महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचा व शिक्षणसंस्थांचा विभाग म्हणून ओळखले जाते. जुने धुळे, इंग्रजी अमलाच्या प्रारंभी वसविलेली पेठ, मोगलाई, रेल्वे स्थानक आणि जिल्ह्याची बहुतेक जुनी कार्यालये नदीच्या दक्षिणेस आहेत. देवपूर तेवढे पलीकडे. गाव शहरात विलीन झाले म्हटले, की शासकीय अधिसूचना आणि तिची तारीख शोधण्याकडे कल असतो. देवपूरचा इतिहास तसा लिहू गेल्यास त्यातील महत्त्वाचे बरेचसे निसटते, कारण कागदावर शहराचे झाल्यानंतरही ते दीर्घकाळ वागण्या-राहण्यात गावच होते. त्याला शहरात आणले ते नदीवरच्या पुलांनी, महाविद्यालयांनी आणि बागायती जमिनींच्या बिनशेती प्रकरणांनी.

पांझरा साक्री तालुक्यातील डोंगरांत उगम पावते, पूर्वेकडे धुळ्यापर्यंत येते, शहर ओलांडल्यावर काही अंतराने उत्तरेस वळते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. पश्चिम खानदेशात या नदीचे महत्त्व प्रामुख्याने सिंचनाचे होते. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाटाने पाणी शेतात खेळवायचे, लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे सोपवायची, ही फड पद्धत पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आली. त्यामुळे नदीकाठची गावे, आकाराने लहान असली तरी, बागायतीच्या बळावर टिकून राहिली. धुळेही त्याच जातकुळीतले. अठराव्या शतकापर्यंत त्याची ओळख दक्षिणेस असलेल्या लळिंग किल्ल्याच्या हाताखालील एक सामान्य गाव एवढीच होती, आणि तेव्हा धुळे मोठे व देवपूर लहान असा भेद करण्याजोगे फारसे काही नव्हते.

हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत निर्माण झाला. १८०३ मध्ये होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि त्याच वर्षीचा भीषण दुष्काळ यांमुळे धुळे पूर्णपणे उजाड झाले. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांनी आपले सरदार विंचूरकर यांना दिलेले होते. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढच्याच वर्षी गाव पुन्हा वसविले, त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली आणि पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार ते धुळ्यातूनच पाहू लागले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी नव्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. मुंबई–आग्रा मार्गावरील मोक्याची जागा हे या निवडीमागचे उघड कारण दिसते. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्यास मंजुरी मिळाली, लांबून कारागीर आणविण्यात आले आणि या इमारतींवर सुमारे २७ हजार रुपये खर्च झाला. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा आणि बांधकामासाठी तगाई (सरकारी कर्ज) देण्यात आली. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. नदी आणि पाट यांच्या बेचक्यात, बागायतीने वेढलेले एक लहानसे गाव, असे त्याचे वर्णन ब्रिग्ज यांनी केले आहे.

येथे नदीने आपले काम केले. नवी पेठ आखली गेली ती दक्षिण तीरावरच. तिच्या सरळ, समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि जुना धुळेकर पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ असेच सांगतो. देवपूरला या आखणीतले काही मिळाले नाही. शहर वाढत गेले. १८७२ मध्ये त्याची लोकसंख्या १२,४८९ झाली आणि १९०१ मध्ये २४,७२६. १८६२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. या सर्व काळात पलीकडचे देवपूर शहराला दूध, भाजीपाला व मजूर पुरवीत राहिले आणि बाजारासाठी, कोर्टकचेरीसाठी शहरात येत राहिले.

पांझरा एरवी पायी ओलांडता येते. पावसाळ्यात मात्र तिचा भरवसा नाही. १८७२ च्या महापुरात धुळ्यातील सुमारे ५०० घरे वाहून गेली. त्याच वर्षी गिरणा व पांझरा या दोन्ही नद्यांच्या पुरांनी खानदेशातील १५२ गावांचे नुकसान केले, पांझरेकाठचे एक अख्खे गाव नाहीसे झाले आणि एकूण हानी सोळा लाख रुपयांच्या घरात गेली. अशा नदीवर बारमाही पूल होईपर्यंत देवपूर आणि धुळे यांचा एक संसार होणे शक्यच नव्हते. आग्रा रस्त्यावरचा मोठा पूल आणि त्याच्या जोडीचा लहान पूल हे धुळेकरांच्या बोलण्यात आजही ठिकाणाच्या खुणा म्हणून येतात. पुढे आणखी पूल झाले, पादचाऱ्यांसाठी झुलता पूलही झाला. तरीसुद्धा पुराची धास्ती संपलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वरच्या अक्कलपाडा धरणातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले, तेव्हा शहरातील पुलांवरील वाहतूक थांबवावी लागली आणि देवपूर काही काळ पुन्हा पैलतीरी गेले.

१९०० मध्ये चाळीसगाव–धुळे रेल्वे सुरू झाली आणि १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाल्यावर धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे राहिले. रेल्वे स्थानक दक्षिण बाजूस असल्यामुळे कापसाचा व्यापार तिकडेच एकवटला; पुढे औद्योगिक वसाहतही दक्षिणेकडील अवधानला झाली. देवपूरच्या वाट्याला कारखानदारी आली नाही, याचा त्याच्या पुढील घडणीवर मोठा परिणाम झाला असे म्हणावे लागते. गिरणीच्या भोंग्यावर चालणारी कामगारवस्ती येथे वाढली नाही आणि जमीन मोकळी राहिली.

त्याआधीपासून देवपूरला स्वतःचे एक महत्त्व होते ते एकवीरा देवीमुळे. पांझरेच्या उत्तर काठावरील हे मंदिर खानदेशातील अनेक कुळांचे कुलदैवत आहे. चैत्रात येथे यात्रा भरते, नवरात्रात रीघ लागते, आणि मुलांची जावळे काढण्यासाठी, नवस फेडण्यासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. शहरातील पेठकरी व्यापारी असो की शिंदखेड्याकडचा शेतकरी, त्याला वर्षातून एकदा नदी ओलांडून देवपूरला यावे लागे. हे येणे-जाणे नगरपालिकेपेक्षा जुने आहे आणि शहर व उपनगर यांच्या संबंधांचा विचार करताना ते विसरले जाते.

देवपूरचा चेहरा बदलला तो स्वातंत्र्योत्तर काळात, शिक्षणसंस्थांमुळे. श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्था आणि जयहिंद संस्था यांची महाविद्यालये नदीच्या या बाजूस उभी राहिली. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्याने परवानगी दिली त्या १९८३ साली शिवाजी संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच सुरू झाले आणि त्या परिसराला विद्यानगरी हे नाव रूढ झाले. साक्री, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांतून, तसेच १९९८ मध्ये वेगळा जिल्हा होण्यापूर्वी नंदुरबार-शहादा भागातूनही, मुले शिकायला येऊ लागली. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तोवर ही सर्व महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. निकालाच्या दुरुस्तीसाठीदेखील पुणे गाठावे लागे. प्राध्यापक, शिक्षक आणि सरकारी नोकर यांना कामाच्या जवळ घर हवे होते, विद्यार्थ्यांना खोली आणि मेस हवी होती. देवपुरातील अनेक वसाहतींची सुरुवात या दोन गरजांतून झाली. वाडीभोकर रोड, गोंदूर रोड, दत्त मंदिर चौक, इंदिरा गार्डन, नेहरूनगर ही नावे देवपूरची खूण बनली आणि जुने गावठाण त्यांच्या मधोमध अरुंद बोळांसह शिल्लक राहिले.

या वाढीची पद्धत खानदेशातील इतर शहरांसारखीच होती. पाटाच्या वा विहिरीच्या पाण्यावर भिजणारे शेत आधी भावांत वाटले जाई. मग कोणी एक भाऊ आपला हिस्सा विकसकाला देई किंवा स्वतःच ले-आऊट टाकी. रीतसर बिनशेती परवानगी घेतलेल्या ले-आऊटमध्ये रस्ते व खुली जागा सोडावी लागे. जेथे ती घेतली गेली नाही तेथे गुंठ्या-गुंठ्याने विक्री झाली आणि सातबाऱ्यावर एका गटात वीस-पंचवीस नावे चढली. दोन शेजारच्या शेतांचे ले-आऊट वेगवेगळ्या वर्षी मंजूर झाल्यामुळे एकाचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीशी येऊन थांबतो, हे देवपुरात हिंडणाऱ्याला वारंवार दिसते. पेठेची आखणी एका हाताने झाली होती, तर देवपूरची शेताच्या बांधांनी केली. आजच्या अनेक गल्ल्यांची वळणे म्हणजे जुने बांध आणि शिवरस्तेच आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांतही एकसारखे काही घडले नाही. काहींनी भाड्याच्या खोल्या, दुकाने, मंगल कार्यालये उभारली. काहींनी आलेल्या पैशातून दूरच्या गावी दुप्पट जमीन घेतली. आणि काहींकडे दोन पिढ्यांनंतर गावठाणातले घर तेवढे उरले.

नव्या वसाहतींत राहायला आलेले लोक बहुतांशी ग्रामीण खानदेशातलेच असल्यामुळे येथील शहरीपण वेगळ्या वळणाचे आहे. घरात अहिराणी, शाळेत आणि कचेरीत प्रमाण मराठी, हा क्रम अनेक कुटुंबांत एका पिढीत पूर्ण झाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खानदेशी लोकदेवतेची स्थापना होते, तेव्हा रोटांच्या नैवेद्यासाठी सारी भाऊबंदकी एकत्र यावी लागते. त्या दिवशी वसाहतींतील कित्येक घरांना कुलूप असते, कारण मंडळी मूळ गावी गेलेली असतात. ज्यांनी कानबाई शहरात आणली त्यांच्याकडे गावाकडचे लोक येतात आणि सोमवारी पांझरेच्या काठावर विसर्जनाची गर्दी होते. याउलट, देवपूरचे जुने रहिवासी पुलापलीकडे बाजाराला निघाले की आजही ‘धुळ्यात जाऊन येतो’ असे म्हणतात.

मुंबई–आग्रा महामार्ग दीर्घकाळ देवपुराच्या मधूनच जात असे. त्याने व्यापार आणला, उत्तरेकडील तालुक्यांच्या बससाठी देवपूरला वेगळे बसस्थानक मिळवून दिले. पण त्याचबरोबर जड वाहने शाळा-महाविद्यालयांच्या दारावरून धावू लागली. चौपदरीकरणात वळण रस्ता झाल्यावर दूरची वाहतूक बाहेरून जाऊ लागली आणि जुना महामार्ग हा शहरातील मुख्य रस्ता बनला. वस्ती इतकी वाढली की देवपूर पोलीस ठाण्याच्या जोडीला पश्चिम देवपूर हे स्वतंत्र पोलीस ठाणे करावे लागले.

नागरी सुविधांचा वेग वस्तीच्या वेगाला कधीच गाठू शकला नाही. धुळ्याला नकाणे व डेडरगाव तलावांचे पाणी पुरत नसे. त्यात तापीवरून आणलेल्या पाण्याची भर पडली, तरी काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी आणि छतावरची टाकी हे देवपुरातील घराचे ठरलेले अंग होते. अलीकडे देवपूरसाठी भुयारी गटार योजना हाती घेण्यात आली. तिच्या खोदाईने जवळजवळ सर्व वसाहतींतील रस्ते उखडले गेले आणि दुरुस्ती रखडल्याने आंदोलने झाली. आधी घरे, मग रस्ते आणि शेवटी गटारे, या उलट क्रमाची ही किंमत होती.

३० जून २००३ रोजी धुळे नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तोवर देवपूरच्या कडेला नवे देवपूर तयार झालेले होते : लगतच्या वलवाडी ग्रामपंचायतीच्या हद्दीत, कर कमी आणि प्लॉट स्वस्त असल्यामुळे, वसाहती इतक्या पसरल्या की महापालिकेची सीमा कोठे संपते हे रस्त्यावरून कळेनासे झाले. या भागातील लोक शाळा, दवाखाने, बाजार शहराचे वापरीत आणि घरपट्टी ग्रामपंचायतीला भरीत. शहरातले लोक याला फुकटचा लाभ म्हणत, तर वलवाडीकरांचे उत्तर असे की पाणी आणि गटारे देण्याची हमी नसताना कर कशासाठी द्यायचा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. अखेर २०१८ च्या सुरुवातीस हद्दवाढ होऊन वलवाडी, अवधान, महिंदळे यांसह भोवतालची गावे महापालिकेत आली. हद्दवाढीत ग्रामपंचायत विसर्जित होते, तिचे दप्तर, मालमत्ता व कर्मचारी महापालिकेकडे वर्ग होतात आणि नव्या भागावर पूर्ण कर एकदम न लावता तो टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद कायद्यात आहे. नमुना आठच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंदलेली घरे महापालिकेच्या कर आकारणीत आणणे, ग्रामपंचायतीने दिलेल्या बांधकाम परवानग्या तपासणे आणि शेतीखालील जमिनीचा विकास आराखडा करणे, ही कामे मात्र अधिसूचनेने आपोआप होत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या महापालिकेच्या निवडणुकीत या गावांतील मतदारांनी सरपंचाऐवजी प्रथमच नगरसेवकासाठी मतदान केले.