प्रोपेलरच्या लढाऊ विमानांची वळणक्षमता

प्रोपेलरचे लढाऊ विमान किती लहान वर्तुळात आणि किती लवकर फिरू शकते, ती त्याची वळणक्षमता. ती दोन प्रकारची असते. वैमानिकाने काठी (विमान वळवण्याचा दांडा) खेचताच काही क्षण मिळते ते तात्कालिक वळण. वेग व उंची न गमावता फिरत राहता येते ते टिकाऊ वळण. पहिले मुख्यतः पंखांवर अवलंबून असते, दुसऱ्यात इंजिनाची कसोटी लागते. दोन विमानांची तुलना करताना बहुतेक वाद या दोहोंच्या गल्लतीतून होतात.

वळणासाठी विमान कलते आणि पंखांच्या उत्थापक (वर उचलणाऱ्या) बलाचा काही भाग त्याला वर्तुळाच्या आत ओढतो. ६० अंश कलून उंची राखायची तर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, भार येतो, साडेपंचाहत्तर अंशांना ४ जी. ताशी ३६० किमी वेगाने ३ जी भारावर त्रिज्या सुमारे ३६० मी. येते आणि पूर्ण फेरीला २३ सेकंद लागतात. ४ जी भारावर २६३ मी. आणि साडेसोळा सेकंद. भार तोच ठेवून वेग दुप्पट केला तर त्रिज्या चौपट होते.

मग वेग हवा तेवढा का उतरवू नये? कारण स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, भाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. सरळ उड्डाणात ताशी १३० किमीला स्टॉल होणारे विमान ४ जी वळणात २६० किमीलाच स्टॉल होते. इथे पंखभार, म्हणजे पंखांच्या दर चौरस मीटरवर पडणारे वजन, महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्या महायुद्धातील जपानी झीरो विमानाचा तो सुमारे १०७ किग्रॅ., पहिल्या ब्रिटिश स्पिटफायरचा १२० आणि जर्मन मेसरश्मिट १०९ ई चा १६० च्या आसपास होता. १९४० साली इंग्लंडमधील फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटने १२,००० फुटांवरील किमान त्रिज्या स्पिटफायरसाठी ६९६ फूट (२१२ मी.) आणि मेसरश्मिटसाठी ८८५ फूट (२७० मी.) काढली. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा सुमारे १.२ किमी लांब आहे. स्पिटफायरचे वर्तुळ त्याहून थोडेच मोठे, १.३ किमी परिघाचे.

मात्र केवळ पंखभारावरून निकाल लावणे चूक आहे. त्याच वेगाला ४ जी घेतल्यावर उत्थापनामुळे येणारी ओढ (हवेचा अडथळा) सरळ उड्डाणाच्या सोळापट होते, आणि ती भरून काढायला पुढे ढकलणारा रेटा लागतो. जेट इंजिनाचा रेटा वेगाबरोबर फारसा बदलत नाही. प्रोपेलरचा मात्र घटत जातो. १,००० अश्वशक्तीचे इंजिन आणि ८० टक्के कार्यक्षमतेचा प्रोपेलर ताशी २७० किमीला सुमारे ८१० किग्रॅ. रेटा देतात, ५४० किमीला त्याच्या निम्माच. म्हणून या विमानांचे उत्तम टिकाऊ वळण बऱ्याच कमी वेगाला मिळते. लांब पंखांना ही ओढ कमी बसते.

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) थोडे उघडले तर वर्तुळ लहान होते, पण ओढ वाढून वेग लवकर उतरतो. मेसरश्मिटच्या पंखांच्या पुढच्या कडेच्या स्लॅट (सरकत्या पट्ट्या) आपोआप उघडत. दोन्ही बाजू एकदम उघडल्या नाहीत, तर एलरॉनला (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या टोकाकडील झडपांना) हिसका बसून नेम हुकत असे. स्पिटफायरच्या पंखाला टोकाकडे सुमारे अडीच अंशांचा पीळ होता. त्यामुळे मुळाकडचा भाग आधी स्टॉल होऊन विमान थरथरे आणि वैमानिकाला इशारा मिळे. झीरो मंद वेगात अप्रतिम वळे, पण वेग वाढला की त्याची एलरॉन इतकी जड होत की कलायलाच वेळ लागे.

इंधन कुठे भरले आहे तेही पाहावे लागते. अमेरिकी लढाऊ विमान पी-५१ मस्टँगच्या धडात वैमानिकामागे ८५ अमेरिकी गॅलनची टाकी होती. ती भरलेली असताना गुरुत्वमध्य मागे सरके, वळणात काठीचा जोर उलटा होई आणि विमान आपणहून आणखी आवळून फिरू लागे. त्यामुळे लढण्यापूर्वी ती बरीचशी रिकामी करावी लागे.

उंची वाढते तशी हवा विरळ होते. ६,००० मीटरला घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५४ टक्के असते. तोच दर्शित वेग (वेगमापकावर दिसणारा) आणि तोच भार ठेवला तरी त्रिज्या जवळपास १.८५ पट होते. उष्ण, दमट हवेतही हाच परिणाम लहान प्रमाणात दिसतो. मुंबईत मे महिन्यात ३२ अंश सेल्सिअसला समुद्रकाठची हवा १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. त्रिज्या तेवढीच वाढते, शिवाय इंजिनाची ताकदही घटते, म्हणून टिकाऊ वळणाला इथे अधिक फटका बसतो.