गुडघ्यांवर बसलेला डोळा

‘चिनी भाषेत संकट या शब्दातच संधी दडलेली आहे’ हे व्याख्यानांतलं वाक्य ऐकून कान किटले. ते चूक आहे. ‘वेइजी’ या शब्दातल्या ‘जी’चा अर्थ संधी नव्हे, आणीबाणीचा क्षण. चिनी चिन्हांत डोकवायची हौसच असेल तर ‘ज्येन’ घ्या.

ज्येन म्हणजे दिसणं. पारंपरिक लिपीत वर उभट चौकट, आत दोन आडव्या रेघा, खाली दोन पाय. ही चौकट म्हणजे डोळा! चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या, सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर तो आडवा, बुबुळासकट कोरलेला आहे. त्याखाली वज्रासनात बसलेला माणूस. डोकं नाहीच, मानेवर थेट डोळा.

त्याच हाडांवर आणखी एक चिन्ह आहे. डोळा तोच, पण माणूस उभा. ही दोन्ही एकच, असं अभ्यासक बराच काळ धरून चालले होते. मग १९९३ साली हूपेइ प्रांतात क्वोत्येन इथल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. त्यांवर ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातला मजकूर होता आणि त्यात एक ओळ होती : बघायला जावं, तर दिसण्याजोगं काही नाही. एकाच वाक्यात दोन्ही क्रियापदं! ‘बघणं’ लिहिताना पाय सरळ, ‘दिसणं’ लिहिताना दुमडलेले. यावरून लिपितज्ज्ञ छ्यू शीक्वेई यांनी मांडलं, की हाडांवरचा उभा माणूस म्हणजे ‘शृ’, बघणं. आणि बसलेला म्हणजे ‘ज्येन’. मराठी माणसाला हा फरक समजावायला नको. मी बघतो, मला दिसतं. (‘नम्रपणे बसलं की सत्य दिसतं’ असा फॉरवर्ड कृपया कुणी काढू नये. दोन शब्द वेगळे ओळखू यावेत, एवढंच त्या पायांचं काम.)

पुढे पायांवरचा हा भरवसा सुटला. आजच्या ‘शृ’मध्ये उजवीकडे ज्येन आहे, अर्थासाठी, डावीकडे ‘शृ’ याच उच्चाराचं दुसरं चिन्ह, आवाजासाठी. बहुतेक चिनी चिन्हं अशीच, अर्थ आणि आवाज जोडून, घडली आहेत. त्यांना सरसकट चित्रं म्हणणं बरोबर नाही. शाई उगाळायच्या दगडाला ‘येन’ म्हणतात. त्याच्या चिन्हातही दगडाशेजारी ज्येन बसलेला आहे, पण तिथे तो काही बघत नाही, नुसता उच्चार सुचवतो.

आज बोलताना बघण्याला ‘खान’ म्हणतात. त्याच्या चिन्हात डोळ्यावर हात आहे, उन्हात आपण धरतो तसा. खान-ज्येन म्हणजे बघितलं आणि दिसलं. मध्ये नकाराचा ‘बू’ घातला की खान-बू-ज्येन : बघतोय, पण दिसत नाही.