वळ कुठे उठला? दोरी लागण्याची कारणं आणि उपाय

(नवीन धनुष्य घेणारे तिरंदाज आणि त्यांच्या पालकांसाठी. पुढची माहिती डाव्या हातात धनुष्य धरणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी बाजू उलट समजाव्यात.)

नव्या तिरंदाजाच्या डाव्या हातावर आतल्या बाजूने लाल-निळा वळ उठला की मैदानावर कुणीतरी सांगतंच, "होईल सवय." त्या माराची सवय कुणालाच होत नाही. उलट दोरी सुटताना हात झटकन बाहेर काढायची खोड लागते, बाण विखरायला लागतात आणि ती खोड मोडायला महिने जातात. म्हणून पहिल्या वळालाच कारण शोधावं.

दोरी सरळ रेषेत पुढे जात नाही. बोटांवरून घसरताना ती आधी थोडी डावीकडे, म्हणजे तुमच्या हाताकडे सरकते आणि मग नागमोडी पुढे जाते. हाताचा जो भाग या वाटेत येतो तिथे वळ उठतो. मनगटाजवळ उठला तर बहुधा ब्रेस हाइट (धनुष्य धरायची जागा आणि दोरी यांतलं अंतर) कमी असते किंवा मूठ चुकलेली असते. कोपराखाली उठला तर कोपर फिरलेलं नसतं. दंडावर उठला तर खांदा वर चढलेला असतो किंवा दोरी गरजेपेक्षा जास्त ओढली जाते. छातीवर लागत असेल तर आधी कपडे बघा, मग पवित्रा.

कोपर

सर्वांत जास्त वळ याच एका चुकीचे असतात. दाराच्या चौकटीला डावा तळहात खांद्याच्या उंचीवर टेकवा, अंगठा वर. बहुतेकांच्या कोपराचं टोक आता जमिनीकडे असेल आणि आतली घडी आकाशाकडे. हाताचा मांसल भाग दोरीच्या वाटेत येतो तो असा. तळहात जराही न हलवता फक्त कोपर फिरवा: टोक पाठीच्या बाजूला, घडी उभी. जमलं की नाही ते तपासायला कोपर वाकवा. हात आडवा छातीसमोर आला तर बरोबर, तोंडाकडे वर गेला तर पुन्हा.

पहिले काही दिवस खांदा सोबत वर येतो. त्याला खालीच ठेवायचं. रोज दहा-पंधरा वेळा चौकटीवर, मग रबरबँड ओढून, आणि त्यानंतरच धनुष्यावर, तेही 3 ते 5 मीटरवरच्या कोऱ्या बटवर (बाण रुतणारा जाड ठोकळा, त्यावर टार्गेट न लावता). समोर रंगीत टार्गेट असलं की लक्ष नेमाकडे जातं आणि कोपर विसरलं जातं.

काही मुलामुलींचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे उलटं वाकतं. त्यांनी कोपर पूर्ण ताठ करू नये, अगदी किंचित सैल ठेवावं.

मूठ

ग्रिप (धनुष्य धरायची जागा) मुठीत आवळली की मनगट आत वळतं आणि थेट दोरीसमोर येतं. धनुष्याचा दाब अंगठ्याखालच्या गादीवर, आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला यावा. बोटांची पेरं साधारण 45 अंशांत तिरकी, बोटं सैल. धनुष्य पडेल या भीतीने माणूस आवळतो, त्यावर बोलून उपयोग नाही. फिंगर स्लिंग, म्हणजे धनुष्य हातातून पडू नये म्हणून बोटांना अडकवायची दोरी, बांधा. बुटाच्या नाडीची बनवली तरी चालते.

कंपाउंडवर (टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर) दोरी हाताला लागत असेल तर जवळजवळ नेहमी दोनच कारणं असतात: आवळलेली मूठ किंवा जास्त ठेवलेली ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढली जाते ते माप).

ब्रेस हाइट

म्हणजे ग्रिपच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर. दोरीवर अडकवायच्या T आकाराच्या पट्टीने, टी-स्क्वेअरने, मोजतात. रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यासाठी) ढोबळ मापं अशी: 66 इंची धनुष्याला सव्वाआठ ते पावणेनऊ इंच, 68 इंचीला साडेआठ ते नऊ, 70 इंचीला पावणेनऊ ते सव्वानऊ. कंपनीच्या कागदावर वेगळं माप असेल तर तेच धरा. बांबूच्या धनुष्याला मूठ वळून अंगठा उभा केल्यावर होतं तेवढं अंतर ठेवायची जुनी रीत आजही चालते.

नवीन दोरी, विशेषतः डॅक्रॉन या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची, सुरुवातीला ताणून लांब होते आणि माप आपोआप खाली येतं. काल लागत नव्हतं आणि आज लागतंय, तर आधी हेच मोजा. वाढवायचं असेल तर स्ट्रिंगर (दोरी चढवायची-उतरवायची जाड दोरी) वापरून दोरी उतरवा, आहे त्याच दिशेने चार-पाच पीळ द्या, चढवून पुन्हा मोजा. कंपाउंडच्या दोरीला घरी हात लावू नका, त्याला बो-प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो.

पाउंडेज (दोरी ओढायला लागणारा जोर) आणि ओढ

पेलत नाही असं धनुष्य ओढताना खांदा वर चढतो, कोपर परत फिरतं, आणि वरचं सगळं पाण्यात जातं. मोठ्या माणसाने 18 ते 24 पाउंडांनी सुरुवात करावी, लहान मुलांनी 10 ते 16. "पुढे लागेलच" म्हणून मुलासाठी जड लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) मागणारे पालक बरेच असतात. आम्ही ते देत नाही.

ड्रॉ लेंथचा अंदाज: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर भागिले अडीच. अंतर 165 सेंटिमीटर असेल तर 66 सेंटिमीटर, म्हणजे 26 इंच. लिंबवरचं पाउंडेज 28 इंचांसाठी छापलेलं असतं. दर इंचाला ते साधारण 2 पाउंडांनी कमी-जास्त होतं. म्हणजे 24 पाउंडाचं लिंब या माणसाच्या हातात 20 चंच असेल.

बोटं

तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली, दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात. टोकांवर धरली तर फोड येतात आणि सोडताना बोटं बाहेर झटकली जातात. मग दोरी आणखी जोरात हाताकडे येते. टॅब (बोटांना दोरी लागू नये म्हणून घालायचा चामड्याचा तुकडा) बोटांच्या टोकांपलीकडे फार लोंबत असेल तर कापून घ्या. बोटं बधिर झाली तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा, आणि बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

आर्मगार्ड

हाताच्या आतल्या बाजूला बांधायचा हा पट्टा लावायचाच, पण दुरुस्ती म्हणून नव्हे. उलट तो चूक झाकतो. त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळून सहा बाण मारा. रेघ उमटली तर दोरी अजून लागते आहे. सैल बाह्या, ओढणी, खिशातलं पेन, लांब साखळी, लोंबते कानातले आधी काढून ठेवा.

सोबत एवढंही बघा: बाण दोरीवर नॉकने (बाणाच्या मागच्या खाचेने) लटकला पाहिजे आणि दोरीला हलकी टिचकी मारल्यावर पडला पाहिजे. सैल नॉक निसटला तर रिकामी दोरी सुटते. लिंब तडकतं आणि दोरी तुटून तोंडावर येऊ शकते. सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक धागा) उसवलं असेल किंवा एखादा धागा तुटलेला दिसला तर ती दोरी त्याच दिवशी बदला.

वळ उठलाच तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं, आणि त्या दिवशी सराव बंद. सूज भराभर वाढली किंवा हाताला मुंग्या येत राहिल्या तर वाट बघू नका, दवाखान्यात जा.