वाड्यातील कलासंग्रहालय

एखाद्या घराण्याचा राहता वाडा मोडू न देता, त्याच्याच सोप्यात आणि माडीवर चित्रे, शिल्पे, वस्त्रे, पोथ्या मांडून तो लोकांसाठी खुला करणे, म्हणजे वाड्यातील कलासंग्रहालय. सातारा-सांगलीकडे पेशवाईतले वाडे आहेत आणि संस्थानी काळातली चित्रेही, त्यामुळे इथे ही कल्पना सहज सुचते. औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय (१९३८) मात्र या प्रकारात बसत नाही. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प असलेली ती इमारत औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संग्रहालयासाठीच बांधली. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि खुद्द वाईतला रास्त्यांचा मोतीबाग वाडा यांची गोष्ट वेगळी. तिथे चित्रे भिंतींवरच रंगवलेली आहेत, ती उतरवून दुसरीकडे नेता येत नाहीत. अशा जागी वाडा हीच संग्रहातली पहिली वस्तू मानावी, बाकीचे सारे तिच्या सोयीने मांडावे.

काम बहुधा अडते ते कागदपत्रांपाशी. जुन्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर तीन-चार पिढ्यांचे वारस असतात आणि एकाचीही सही राहिली की पुढचे सगळे लटकते. म्हणून वारसनोंद आणि वाटणीपत्र आधी, रंगरंगोटी नंतर. न्यास करायचा तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवावा लागतो. शंभर वर्षांवरच्या मूर्ती, चित्रे इत्यादींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्यामुळे कोणत्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे ते आधीच पाहावे. व्यवस्था पक्की नसेल तर संग्रह गाव सोडतो. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदपत्रांसाठी आणि चित्रांसाठी १९२५ मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो नीट जपला गेला हे खरे, पण साताऱ्याला मात्र तो अंतरला.

वाड्याचा खरा शत्रू पाणी. ते वरून येते तसे खालूनही येते. वरच्यासाठी मृगाआधी शाकारणी, म्हणजे कौले नीट बसवून घेणे, करायचीच. फुटकी कौले बदलणे त्यातल्या त्यात सोपे. चौकाभोवती दोन उतार जिथे मिळतात तिथली पन्हळ पाल्याने तुंबते आणि पाणी तक्तपोशीत, म्हणजे फळ्यांच्या छतात, मुरते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. ती पन्हळ पावसाळ्यात दर आठवड्याला हाताने साफ करावी.

खालचे पाणी जास्त दगा देते. पांढऱ्या मातीची किंवा जुन्या विटांची भिंत जमिनीतला ओलावा वर ओढते. गिलावा चुन्याचा असेल तर हा ओलावा हवेत निघून जातो. त्यावर कुणी सिमेंट थापलेले असेल तर ओल कोंडते, आणखी वर चढते आणि सुकताना तिच्यातले क्षार रंगाला मागून ढकलतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोणा बहुतेकदा तीन-चार फुटांवर दिसतो, म्हणजे नेमका चित्राच्या खालच्या कडेशी. त्यावर तेलरंग किंवा वॉटरप्रूफ लेप देऊ नये, दिल्यास ओल भिंतीच्या आतल्या अंगाला सरकते. सिमेंट खरवडून काढावे, जोत्याभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करावी आणि चुन्याचा गिलावा पातळ थरांत द्यावा. चुना किमान तीन आठवडे भिजलेला हवा, एक थर बोटभर जाडीपेक्षा कमी हवा, आणि दिलेला थर आठवडाभर ओला ठेवायला हवा. अशी भिंत एक हिवाळा आणि एक उन्हाळा सुकू द्यावी. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून भिंत ओली असतानाच चित्रे टांगली, तर पहिल्याच श्रावणात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते.

भित्तिचित्रांची काळजी याहून नाजूक. आपल्याकडचे बरेचसे काम सुक्या गिलाव्यावर डिंक-सरसाच्या रंगाने केलेले असते, त्यामुळे ओला फडका फिरवला की काजळीबरोबर रंगही निघून येतो. चकाकी आणायला वार्निश तर मुळीच लावू नये. रंगाचे पापुद्रे सुटू लागले असतील, तर प्रशिक्षित संवर्धक येईपर्यंत तिथे हात न लावणे हेच योग्य.

खांबांची तपासणी तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडापाशी, करावी. वाळवीची मातीची नळी तिथूनच चढते आणि वरून धडधाकट दिसणारा सागवानी खांब खाली पोकळ निघतो. लाकडावर हलके ठोकत गेल्यास आवाज बदलतो ती जागा कळते. माडी घरच्या माणसांसाठी बांधलेली असते, शाळेच्या सहलीसाठी नाही. एका वेळी किती जणांना वर सोडायचे हे संरचना अभियंत्याकडून लिहून घ्यावे.

चित्रे टांगायला भिंतीत खिळे ठोकू नयेत. खांबांना आडवी पट्टी बांधून तिला तारेने टांगावीत आणि चौकटीमागे कॉर्कचे तुकडे लावून इंचभर हवा खेळती ठेवावी. पावसाचा मारा बसतो ती पश्चिमेची भिंत मोकळीच बरी. जलरंग, कापड आणि पोथ्यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर उजेड नको, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. ५०० लक्समध्ये जलरंग ५० लक्सच्या साधारण दहापट वेगाने विटतो. आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळू लागली की बुरशीची भीती. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण कॅनव्हास रोज सैल-ताठ होत राहतो आणि रंगाला चिरा पडतात. जाड भिंतींचा वाडा स्वतःच बरेच सांभाळतो. कोरड्या सकाळी खिडक्या उघडाव्यात, पाऊस कोसळताना मिटाव्यात.

सांगलीत नदीकाठच्या वाड्याला आणखी एक नियम लागू होतो: तळमजल्यावर कागद आणि कापड ठेवायचेच नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. इशारा पातळी गाठली की कुणी कोणती पेटी कुठे न्यायची, याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असावी. तरीही कागद भिजलाच तर तो उन्हात घालू नये, वाकतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. सावलीत, पंख्याच्या हवेवर, टीपकागद बदलत सुकवावा. दोन दिवसांत सगळे सुकणार नसेल तर भिजलेले गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून शीतगृहात गोठवून ठेवावेत आणि थोडे थोडे बाहेर काढून सुकवावेत.