प्रयोग कुठे आहे? मुंबईतल्या प्रायोगिक जागांची पार्श्वभूमी

दिवाळीचे कंदील उतरले की मुंबईतल्या नाटकवेड्यांच्या फोनवर जाहिरातींची रीघ लागते. नोव्हेंबरात जुहूचा पृथ्वी महोत्सव, २५ जानेवारीची रात्र जागवणारी सवाई एकांकिका स्पर्धा, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव. या मोठ्या नावांच्या अधेमधे वर्सोव्याच्या एखाद्या बंगल्यातलं अभिवाचन, महालक्ष्मीच्या गाळ्यातला नृत्याचा प्रयोग, कुणाच्या तरी गच्चीवरचा कवितेचा कार्यक्रम. जाहिरात आली की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला : प्रयोग कुठे आहे? नाटक कुणाचं, काम कोण करतंय, हे सगळं नंतर. किती वाजता निघायचं, जेवून जायचं की येऊन, शेवटची गाडी मिळेल का, हे सगळं त्या ‘कुठे’वरच ठरतं.

या शहरातल्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहाससुद्धा मला याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास वाटतो. इथे नवं काही करू पाहणाऱ्यांना स्वतःची वास्तू क्वचितच मिळाली. शाळा सुटल्यावरचा हॉल, कुणाच्या इमारतीची गच्ची, बंद पडलेल्या गिरणीतला गाळा. दुसऱ्याचं काम आटोपल्यावर जे उरलं, त्यात त्यांनी आपला पडदा लावला.

सुरुवात मात्र भाड्याच्या थिएटरातून झाली. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये मंडळी घेऊन मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. हे थिएटर उभं राहण्यात नाना शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. तिकीट लावून नाटक दाखवायची सवय मराठी माणसाला तिथून लागली. पुढे संगीत नाटकांची वैभवाची वर्षं आली आणि गेली. तो प्रांत वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

गिरणगावाकडे मात्र थांबायला हवं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. पाळी संपवून आलेल्या कामगारांनी तिथे नाटकं बसवली. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी नमन आणि शक्ती-तुरा तिथेच पाहिला. १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही नाट्यसंघटना स्थापन झाली आणि त्याच सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक चाळींच्या चौकांत, मैदानांत, सभांच्या मंचावर उभं राहिलं. त्यांना थिएटर लागलंच नाही. डफ, तुणतुणं आणि समोर बसलेली माणसं एवढ्यावर त्यांचा कार्यक्रम उभा राहायचा. मुंबईतल्या स्वतंत्र कलेची गोष्ट सांगताना ही शाहिरी पुष्कळदा गाळली जाते आणि गोष्ट थेट दक्षिण मुंबईच्या इंग्रजी नाटकांपासून सुरू होते. मला हे पटत नाही. ज्याला आज आपण ‘पर्यायी जागा’ म्हणतो, ती लालबागच्या चाळीने आधीच दिली होती. दामोदर आता पुनर्विकासासाठी बंद आहे. तिथे पुन्हा नाट्यगृहच व्हावं यासाठी रंगकर्मी रस्त्यावर उतरले, ते उगाच नाही.

पन्नाशीच्या दशकात वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था त्यांच्या बंगल्यात चालत असे. एकाच छपराखाली हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढत, रविशंकर संगीत शिकवत आणि इब्राहिम अल्काझी नाटकाच्या तालमी घेत. आता तिथे आकाशगंगा ही उंच इमारत आहे. अल्काझींनी कंबाला हिलला आपण राहत त्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचं उघडं नाट्यगृहही उभारलं होतं. गच्चीपर्यंतचे जिने चढून प्रेक्षक येत. १९६२ मध्ये ते दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. मुंबईतली त्यांची ‘थिएटर युनिट’ ही नाट्यसंस्था दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांनी पुढे चालवली.

अल्काझींच्याच हाताखाली शिकलेल्या विजया मेहता यांनी विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत १९६० साली ‘रंगायन’ सुरू केली. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था. कंत्राटदार नाही, ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागलीच पाहिजे अशी सक्ती नाही. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारेची मुख्य भूमिका सुलभा देशपांडे यांची. नाटक घडतं कुठे ते आठवा. गावातला एक रिकामा हॉल, रात्रीच्या प्रयोगाला लवकर येऊन पोचलेली हौशी मंडळी आणि वेळ काढायला मांडलेला लुटुपुटीचा खटला. पुढची वीस वर्षं मराठी प्रायोगिक रंगभूमी ज्या रिकाम्या हॉलांमध्ये जगणार होती, तो हॉल या नाटकात आधीच येऊन गेला होता.

‘रंगायन’ फुटली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. शाळेचा हॉल संध्याकाळी मोकळा असे. १९७४ च्या सुमारास तिथे प्रयोग सुरू झाले आणि पाहता पाहता शाळेचं नाव चळवळीला चिकटलं. आजही कुणी ‘छबिलदास’ म्हटलं तर नाटकवाल्यांच्या डोळ्यांसमोर शाळा येत नाही, नाटक येतं.

तो हॉल नाट्यगृह म्हणून बांधलेलाच नव्हता. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या मानाने तिथे काहीच नव्हतं. पण त्या नसण्यातूनच शैली घडली. पेटीसारखा रंगमंच नाही म्हणून नट प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर आले. तीन अंकी दिवाणखाना उभा करायला जागा नाही म्हणून दोन लेव्हल्स (चौथरे) आणि एक खुर्ची यांत घर, कचेरी, स्मशान सगळं भागवावं लागलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची गरज उरली नाही, तशी मराठी अभिनयातली ती घोटीव उच्चारांची ढब सैल झाली. माणसं माणसांसारखी बोलू लागली. दादर स्टेशन हाकेच्या अंतरावर. बाहेर बाजाराचा गलका आणि आत ऐन भरात आलेला प्रसंग. प्रयोगानंतर गल्लीतल्या श्रीकृष्णचा बटाटावडा खात त्याच नाटकावर कडाडून भांडण, हाही कार्यक्रमाचाच भाग.

पैशाचं गणित सांगितल्याशिवाय छबिलदासचं महत्त्व कळत नाही. व्यावसायिक नाटकात थिएटरच्या तारखा मिळवाव्या लागतात, नटांच्या नाइटी, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, द्याव्या लागतात, पेपरात जाहिरात, टेम्पो, सेट. बुकिंगचा प्लॅन उघडला आणि पहिल्या दिवशी विकलेल्या खुर्च्यांच्या लाल खुणा दिसल्या नाहीत की निर्मात्याच्या पोटात गोळा येतो. छबिलदासला भाडं परवडणारं होतं, म्हणून नाटक पडलं तरी कुणी बुडत नसे. नव्या लेखकाला आणि नव्या दिग्दर्शकाला चुकायची मुभा मिळाली. ‘आविष्कार’ने ती आपल्यापुरती ठेवली नाही. दुबे यांनी तिथे हिंदी-मराठी नाटकं केली, इतर संस्थांनाही हॉल मिळत गेला. आणि या सगळ्याच्या मागे तिकिटांपासून सतरंज्यांपर्यंत सगळं बघणारे काकडेकाका. नाटकाच्या इतिहासात लेखक-दिग्दर्शकांची नावं येतात, हॉलची किल्ली सांभाळणाऱ्याचं येत नाही. २०१९ मध्ये अरुण काकडे गेले तेव्हा हळहळलेल्यांमध्ये नटांइतकेच पडद्यामागचे लोक होते.

नव्वदीच्या सुरुवातीला छबिलदास सुटलं. ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. पुन्हा शाळाच! महेश एलकुंचवार यांच्या वाडा त्रिनाट्यधारेचा सलग आठ-नऊ तासांचा प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९४ मध्ये याच संस्थेने केला. ज्या शहरात लोक लोकलच्या वेळेवर टाळ्या आवरत्या घेतात, तिथे प्रेक्षक दिवसभर बसून राहिले. ते मी अजूनही अभिमानाने सांगतो.

प्रायोगिकांसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा दोनच ठळक. जुहूचं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ ला उघडलं. जेनिफर आणि शशी कपूर यांनी बांधलेलं, दोनशेच्या आसपास प्रेक्षकांचं, तिन्ही बाजूंनी रंगमंचाला भिडलेलं. तिथला पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा होता, हिंदीत. जुहूच्या त्या आवाराला आज जो हिंदी-इंग्रजी चेहरा आहे, त्याच्या पायात एक मराठी नाटक आहे हे मराठी वाचकाने विसरू नये. दुसरी जागा नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं एक्स्परिमेंटल थिएटर, १९८६ चं. तिथल्या ‘प्रतिबिंब’ महोत्सवाने मराठी नाटक दक्षिण मुंबईत टिकवून धरलं.

संगीताची गोष्ट दुःखाची आहे. धोबी तलावचं रंगभवन उघड्यावरचं. तिथे १९७८ चा ‘जॅझ यात्रा’ हा संगीत महोत्सव झाला, पुढे मुंबईतल्या रॉक बँडांची एक पिढी तिथेच घडली. आजूबाजूला कॉलेज आणि रुग्णालयं असल्याने परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि २००३ मध्ये रंगभवनातले कार्यक्रम थांबले. नियमाचं कारण मला समजतं. त्याच्या बदल्यात दुसरी जागा शहराने दिली नाही, हे मात्र समजत नाही.

काळा घोडा महोत्सव १९९९ पासूनचा. ज्या पुतळ्यावरून चौकाचं नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच हलवला गेला होता. नाव राहिलं, घोडा भायखळ्याला गेला, आणि २०१७ मध्ये स्वाराविना नवा घोडा चौकात आला. महोत्सवाचे ते नऊ दिवस फुकट असतात. एरवी नृत्य किंवा नाटक पाहायला कधी न जाणारी कुटुंबं डोंबिवली-विरारहून येतात ती त्यासाठीच.

गेल्या दहा-बारा वर्षांत काटा पश्चिमेकडे सरकला. वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगच्या कचेऱ्यांच्या शेजारी छोटे स्टुडिओ उघडले. सुनील शानबाग आणि सपन सरन यांचा स्टुडिओ तमाशा त्यातलाच. महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल इस्टेटमध्ये ‘जी फाइव्ह ए’ आहे. हे नाव म्हणजे त्या गाळ्याचा नंबर. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडलं, त्याच्या उरलेल्या भिंतींत आता प्रयोग होतात. तिथे जाताना मला आनंद होतो आणि अवघडल्यासारखंही होतं, कारण बाजूच्या चाळीतलं कुणी त्या प्रेक्षकांत क्वचितच दिसतं.

जागा छोटी असली तरी नियम मोठेच. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत व्हावी लागते, मग समोर आठशे लोक असोत की चाळीस. ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला, पण ही पूर्वतपासणी राहिली. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं.

उसन्या जागेचा फटका मीही खाल्ला आहे. आमच्या गटाने उपनगरातला एक हॉल महिनाभर आधी ठरवला होता. प्रयोगाच्या दुपारी फोन आला, साखरपुड्याचं बुकिंग आलंय, तुमचं पुढच्या आठवड्यात करा. दिवे टेम्पोत चढलेले, दोघं नट रजा टाकून आलेले. शेवटी एका मित्राच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर काढायला लावून आम्ही प्रयोग केला. वॉचमनने टेबलफॅन आणून दिला आणि शेवटपर्यंत उभा राहून पाहिलं.

येत्या शनिवारच्या एका जाहिरातीत तारीख आहे, वेळ आहे, भाषा आहे. पत्त्याच्या ठिकाणी लिहिलंय, ‘अंधेरी पश्चिम, नक्की ठिकाण आदल्या दिवशी कळवू’. आसनांना नंबर नाहीत, जो आधी येईल तो पुढे बसेल, चपला दाराबाहेर. मी दोन तिकिटं काढली आहेत.